बाबूजींनी शिकवलेलं नाक

राजूरहून निघालो त्या सकाळी जीपमध्ये बॅगा चढल्या होत्या, आई डोळे पुसत होती आणि बाबूजी मला दुकानात घेऊन गेले. आमचं भुसार मालाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, पण राग आला किंवा माया आली की बाबूजींना मराठी सुटते. जैन घरातल्या रीतीप्रमाणे हात जोडायला लावून त्यांनी मला नियम दिला: मांस नाही, दारू नाही. "अन् मोडलाच तर लपवू नको. मोडला तर प्रायश्चित्त हाय. लपवला तर मंग इलाज न्हाई."

मी मान डोलावली. विमानाच्या धास्तीत तेव्हा कशालाही डोलावली असती.

अमेरिकेत, केंटकीत आठ वर्षं नियम पाळला. ऑफिसच्या पार्ट्यांत सोडा पीत उभा राहिलो, टिंगल सोसली. मग एका रविवारी दुपारी मॅनेजरच्या घरी बर्बन चाखायचा कार्यक्रम झाला. बर्बन म्हणजे इथली मक्याची दारू. ही थेट पिंपातली, पाण्याचा थेंब न मिसळलेली, साठ टक्क्यांच्या वर कडक. बहुतेक बर्बनमध्ये मक्याला राय नावाच्या धान्याची जोड असते; एका ग्लासात काहीतरी वेगळं होतं, ते ओळखायचं होतं. म्हटलं, नुसता वास घ्यायला काय हरकत?

बाबूजी मूठभर गव्हावर गरम श्वास सोडतात आणि मग हुंगतात. ओल लागलेला माल लगेच चुगली करतो. मी तसाच ग्लासात श्वास सोडला, हुंगलं, आणि प्यालो. घसा पेटला, डोळ्यांत पाणी आलं. आग ओसरल्यावर जिभेवर उरली तव्यावरून नुकती उतरलेली पोळी आणि गूळ. खोटं कशाला बोलू, दुसरा घोटही घेतला.

"गहू आहे यात," मी इंग्रजीत म्हणालो. "माझ्या वडिलांनी शिकवलंय."

टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि मी शहाण्याने तो स्टेटसला लावला, घरच्यांना वगळायचं विसरून. वडिलांचं नाव घ्यायला मला तीच जागा सापडली होती. आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

गावातल्या चुलतभावाने बाबूजींना व्हिडिओ दाखवला आणि इंग्रजीचा अर्थ सांगितला तो एवढाच, की गहू ओळखला, वडिलांनी शिकवलं म्हणाला. बाकीचं त्याने गिळलं. दुसऱ्या दिवशी बाबूजींचा फोन. "आरे, सायेब लोक टाळ्या वाजवून राह्यले तुला! समद्या बाजारात दाखवला म्या. ग्लासात काय व्हतं रे?"

"गहू भिजवून तपासतात इकडे, बाबूजी."

"बराबर. बिलकुल बराबर."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पावसापाण्याचं विचारलं.

गेल्या आठवड्यात त्यांनी शेजारची पूजा फोनवर दिली. ती शिकायला जर्मनीला निघालीय. "हिला सांग, आठ वर्षं नियम कसा पाळला ते." मी सांगितलं, चांगलं दहा मिनिटं. शेवटी तिने विचारलं, "दादा, कधीच मन न्हाई झालं?"

"कधीच नाही," मी म्हणालो. मागे बाबूजी आईला हाक मारत होते, ऐकलं का म्हणून.

तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या तुम्हाला घर म्हणजे काय वाटतं ते मला ठाऊक नाही. माझ्या घरी आता माझ्या नावाचा एक चांगला मुलगा राहतो. बाबूजी रोज त्यालाच फोन करतात. उचलतो तेवढा मी.