समुद्री सापाची ओटी

आमच्या घरी एका समुद्री सापाची ओटी भरण्यात आली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

साप अर्थातच मेलेला होता. तो फॉर्मॅलिनच्या बरणीत होता, बरणी कॉलेजच्या प्रयोगशाळेची होती आणि ती मी सही करून घरी आणली होती. मी प्राणिशास्त्राचा ‘अतिथी विद्वान’. म्हणजे शिकवणं रोजचं आणि नोकरी तात्पुरती! (हे नाव ज्यानं शोधून काढलं, तो मला एकदा भेटायलाच हवा.) दुसऱ्या दिवशी निवड समितीपुढे या सापावर पाठ द्यायचा होता. तो रंगला की नोकरी पक्की! म्हणून नागपंचमीच्या सुट्टीत घरी सराव चालला होता. आणि बरणी कुठे ठेवावी मी? दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून!

दाढी करून बाहेर येतो तर बरणीला हळदकुंकू लागलेलं. समोर आई आणि शेजारच्या जाधवकाकू हात जोडून उभ्या.

“आई! हे काय चाललंय?”

“अरे, दरवर्षी पाटावर चंदनाचा नाग काढतो. यंदा खुद्द घरी आलाय, तर चित्राची काय जरूरत?”

“तो नाग नाही! समुद्री साप आहे!”

“समुद्रातून आला? इंदूरपर्यंत?” काकूंनी पुन्हा नमस्कार केला. “किती तकलीफ झाली असेल बिचाऱ्याला!”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं की तोंडातून शिव्यांऐवजी माहिती बाहेर पडते.

“काकू, याला जमिनीवर धड सरपटताही येत नाही! ही शेपटी बघा, वल्ह्यासारखी चपटी. सगळं आयुष्य पाण्यात. श्वास घ्यायला तेवढा वर येतो. आणि विष नागापेक्षाही जहाल!”

“नागापेक्षाही?” आईनं दोन उदबत्त्या आणखी लावल्या.

“आणि नागिणीसारखी अंडी घालत नाही! पाण्यातच पिल्लांना जन्म देते! ही मादीच आहे!” मी ओरडलो.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“लेकुरवाळी आहे हो,” आई हळूच म्हणाली. “तुमच्याकडे कोरा खण असेल ना?”

मी पाय आपटले. “ओटी? सापाची? लोक काय म्हणतील! उद्या माझ्या नोकरीचा सवाल आहे!”

“मग बेटा, नोकरीचंच तर मागतोय आम्ही,” काकू म्हणाल्या. “तू बिल्कुल टेन्शन नको घेऊ.”

मी रागानं आत गेलो आणि खोलीचं दार धाडकन लावून घेतलं. हीच घोडचूक! बरणी तशीच त्यांच्या ताब्यात राहिली.

पाच मिनिटांत नाकाला झोंबणारा वास आला. धावत बाहेर आलो. झाकण उघडं, शेजारी खण, नारळ, तांदूळ, आणि बरणीत दूध! नैवेद्य बंद झाकणातून कसा दाखवणार, म्हणून त्यांनी पेलाभर आत ओतलं होतं. दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

“बघ रे! आपोआप पाणी आलं डोळ्यांत,” आई गहिवरून म्हणाली. “जागृत आहे!”

“जागृत नाही, फॉर्मॅलिन आहे!” मी किंचाळलो. (माझ्याही डोळ्यांतून धारा वाहत होत्या, त्यामुळे काकूंना माझीही भक्ती पटली.)

झाकण लावलं, खिडक्या उघडल्या, पंखे सुरू केले. बरणीत आता नुसतं पांढरं. साप कुठेच दिसेना, आणि सुट्टीमुळे प्रयोगशाळा बंद, म्हणजे नवं फॉर्मॅलिनही मिळणार नव्हतं.

“एवढं काय चिडायचं?” आई बरणीकडे बघत म्हणाली. “तिनं काही म्हटलं का?”

मला रडू आलं, आणि या वेळी ते फॉर्मॅलिनमुळे नव्हतं. सहा वर्षं वाट पाहिली होती मी त्या पाठाची!

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी बरणी उचलून उजेडात धरली. “सर, इसमें साँप कहाँ है?”

आदल्या दिवसाचा सगळा संताप उसळून वर आला. “अंदर ही है! बहुत शांत जीव है! बिना छेड़े किसी को नहीं काटता!” असं मी टेबलावर मूठ आपटत, तारस्वरात सांगितलं. अध्यक्षांनी बरणी खाली ठेवली आणि खुर्ची हातभर मागे घेतली.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. मी अजून अतिथीच आहे. आईशी मात्र दोन दिवसांत बोलायला लागलो, कारण डबा तीच देते.

दाराबाहेरून तो पाठ ऐकलेली कॉलेजातली मुलं आता मला पाठीमागून ‘नागराज भिया’ (‘भिया’ म्हणजे इंदुरी ‘भैया’) म्हणतात. चिडवण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इतकं घसा फोडून शिकवल्यावर त्या गाढवांनी निदान ‘समुद्री’ तरी म्हणावं की नाही?