शुक्रवारची सुट्टी

आमचे शेजारचे काका बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तरी सकाळी सातला डबा घेऊन कामाला निघायचे. काम म्हणजे घरामागची स्वतःचीच चिकूची वाडी. काकींनी चुलीपासून हाक मारली तरी ऐकू येईल एवढीच लांब, पण गृहस्थ दुपारी जेवायला घरी फिरकत नसत. कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून घरचं प्रत्येक काम अजूनही शुक्रवारीच. गळकं कौल, दळण, बायकोशी दोन शब्द, सगळं शुक्रवारी.

"आमचे हे अजून रिटायर झालेच नाय," काकी म्हणायच्या. आम्ही हसायचो.

एका मंगळवारी मी कुंपणापाशी उभा होतो. काकी ओट्यावर छाती धरून बसल्या होत्या. "कालपासून दुखतंय," त्या म्हणाल्या.

काकांनी डबा उचलला. "शुक्रवारी सुट्टी हाय. तवा जाऊ डॉक्टरकडं."

सवयीने मी हसलो.

गुरुवारी काकी गेल्या. त्या दिवशीचा डबाही त्यांनीच भरून दिला होता.

दहावं झाल्यावर काका कुंपणापाशी आले.

"तुमी तिथंच होता," ते म्हणाले. "मग हसलात कशाला?"