टाचेची झीज

मा दोंग-इलने एकतीस वर्षं दक्षिण कोरियातल्या तेगू शहरात सिटी बस चालवली, आणि एवढ्या वर्षांत रस्त्यापेक्षा आरसाच जास्त पाहिला. मागच्या दाराने फुकट चढणारी पोरं, दुसऱ्याच्या पिशवीवर डोळा ठेवणारे सज्जन, घरी एक सांगून भलत्याच स्टॉपवर उतरणारी माणसं, सगळी त्याला आरशात दिसत. निवृत्तीनंतर बस गेली, पण आरसा डोक्यातच राहिला. कोणी दोन शब्द गोड बोललं की हा आधी मनात म्हणे, याला माझ्याकडून काय हवंय?

या संशयाने त्याचं एकदा वाटोळं केलं होतं. तरुणपणी त्याची बायको इन-सून बाजारातून आली की टोपलीतल्या कांद्याच्या पातीने मान टाकलेली असायची. बाजार दहा मिनिटांवर, मग पात कोमेजते कशी? एका दुपारी तो तिच्या पाठोपाठ गेला. नाचघराच्या दाराशी वीसेक टोपल्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीला नंबराचा बिल्ला, आणि आत टोपल्यांच्या मालकिणी नाचत होत्या. इन-सून एका पोक्त बाईबरोबर नाचत होती. तरीही त्याने सगळ्यांदेखत तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ती पुन्हा नाचली नाही, आणि पुढची बावीस वर्षं त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

ती गेल्यावर कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिचे नाचाचे बूट सापडले. ते मांडीवर घेऊन दोंग-इल ढसाढसा रडला, आणि महिन्याभरात त्याने नाचाच्या क्लासात नाव घातलं. शिक्षा म्हणून की माफी मागायला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

तिथे त्याला जोडीदार मिळाली ती ब्यन ओक-रिम. धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवणारी, बासष्ट वर्षांची विधवा, तोंडाने फटकळ. सहा वर्षं दोघं वॉल्ट्झ नाचत होते. ज्येष्ठांच्या गटात दोनदा तिसरे आले होते. या मे महिन्यातली स्पर्धा झाली की तिला एक प्रश्न विचारायचा, असं दोंग-इलने ठरवलं होतं. दोघांनी एकाच घरात जेवायला काय हरकत आहे, असा तो प्रश्न होता. रोज दाढी करताना तो त्याची तालीम करी.

पण एक गोष्ट त्याने तिच्यापासून लपवली होती. त्याच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू झाला होता आणि त्या बाजूचं दिसणं जवळजवळ संपलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते. वॉल्ट्झमध्ये बहुतेक वेळ पुरुष पुढे चालतो आणि बाई त्याच्या भरवशावर उलटी चालते. एकाच फरशीवर बारा जोड्या गरगरत असताना ज्याला एका बाजूचं दिसत नाही, त्याच्या हाती कोण स्वतःला देईल? म्हणून तो थेंबसुद्धा नदीपलीकडच्या दुकानातून आणी. गल्लीतल्या दुकानात औषधवाला बान बसे, आणि बान त्यांच्याच क्लासात नाचत असे.

दर शनिवारी दोघांच्या बुटांचे मऊ चामड्याचे तळ, फरशीवर घसरू नयेत म्हणून, तारेच्या ब्रशने घासायचं काम दोंग-इलकडे होतं. एप्रिलमधल्या एका शनिवारी ओक-रिमचा बूट हातात घेतला आणि त्याचा ब्रश थांबला.

"ओक-रिमबाई, टाचा झिजल्यात तुमच्या."

"वय झालंय त्यांचं. तुमच्या गुडघ्यांना विचारा, ते सांगतील."

"मागच्या कडेने झिजल्यात."

"मग काय, तुम्हाला विचारून झिजायचं होतं? घासा मुकाट्याने."

तो घासत राहिला, पण नजर त्या कडेवरून हटेना. उलटं चालणाऱ्या बाईचा चवडा झिजतो. टाचेची मागची कड झिजते ती पुढे मोठी ढांग टाकली तर. म्हणजे ती दुसऱ्या कोणाबरोबर तरी सराव करत होती, नवा नाच, लांब पायांच्या माणसाचा. क्लासात सहा फुटी एकच होता, बान. त्याची जोडीदार हिवाळ्यात लेकीकडे बुसानला राहायला गेली होती. तेव्हापासून तो ओक-रिमला ताकदीसाठी जिनसेंगच्या गोळ्या आणून देत होता, हेही दोंग-इलला आठवलं. फुकट गोळ्या वाटणारा औषधवाला त्याने अजून पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी बानने त्याला जिन्यात गाठलं. "काय ड्रायव्हरसाहेब, तब्येत काय म्हणते? डोळेबिळे ठीक ना?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" दोंग-इल म्हणाला, आणि घरी जाऊन रात्रभर त्या वाक्याचा कीस काढत बसला. डोळ्यांचंच का विचारलं? याला कळलं असेल, तर त्याने तिला सांगितलं असणार, आणि म्हणूनच ती बान्याकडे निघाली असणार. सगळं कसं चपखल बसत होतं.

मंगळवारी दुपारी तो दुकानावरून गेला. दार बंद, वर पाटी, 'पाच वाजता येते'. त्याच्या पुढच्या मंगळवारी तीच पाटी. पाठलाग करायचा नाही, असं त्याने इन-सूनच्या फोटोसमोर एकदा कबूल केलं होतं. तिसऱ्या मंगळवारी त्याने तो फोटो भिंतीकडे वळवला आणि तीन वाजता दुकानासमोर जाऊन उभा राहिला.

ओक-रिम बाहेर पडली. हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. तो मागून निघाला. ती उजवीकडे वळली की नाहीशी होई, आणि हा मान फिरवून शोधीपर्यंत कुठल्या तरी भाजीच्या गाड्याला धडके. शेवटी ती एका तळघराच्या पायऱ्या उतरली. आतून वॉल्ट्झचं संगीत येत होतं. दार अर्धवट उघडं होतं आणि दाराशी तिची पिशवी टेकवून ठेवलेली होती.

आत ती बानच्या मिठीत होती. दोंग-इलचा हात आपोआप वर गेला, दंड धरायला जातो तसा, आणि मग त्याला दिसलं की बान उलटा चालतोय. सहा फुटी धिप्पाड माणूस मान डावीकडे टाकून अवघडत मागे मागे सरकत होता, आणि ओक-रिम त्याला पुढे रेटत होती.

"थांबा," ती म्हणाली. "मी ड्रायव्हरसाहेब आहे, तुम्ही ओक-रिम. माझ्या उजवीकडून जोडी आली. तुम्ही माझा दंड कधी दाबलात?"

"ती जवळ आल्यावर."

"मग धडकले की ड्रायव्हरसाहेब. वळायच्या आधी त्यांचा पाय कुठे असतो, ते कळलं पाहिजे. चला, पुन्हा."

तेवढ्यात तिने दाराकडे पाहिलं. ती दचकली नाही.

"केव्हापासून उभे आहात?"

"आत्ताच... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"इस्त्रीला टाकलेल्या तुमच्या कोटाच्या खिशात बाटली होती. यांना विचारलं, हे कसले थेंब. सांगणं बरं नव्हे म्हणाले, आणि सगळं सांगितलं." बान फरशीकडे बघू लागला. "नाचताना माझं तोंड तुमच्या उजवीकडेच असतं ना? हातही तुमच्या उजव्या दंडावर. म्हटलं, तुमची पावलं शिकून घेतली की वेळेवर इशारा देता येईल."

"मला का नाही विचारलंत?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

दोंग-इलचा वर उचललेला हात अजून अर्धवट तसाच होता. तिने तो पाहिला. इन-सूनची गोष्ट त्याने तिला एकदा स्वतःच सांगितली होती.

"मला दंडाला धरून बाहेर काढायला आला होतात?"

सहज या बाजूला आलो होतो, हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. बसमध्ये हजारो लोकांकडून त्याने ते ऐकलं होतं.

"हो," तो म्हणाला.

ओक-रिमने पिशवी उचलली आणि त्याच्या शेजारून पायऱ्या चढून गेली. बुधवारी ती सरावाला आली नाही, शुक्रवारीही नाही. दोंग-इलला जेवण गेलं नाही. या वेळी दुसऱ्या कोणावर ढकलायला काही नव्हतं. आपल्याच हाताने दुसऱ्यांदा माती केली, एवढंच त्याला कळत होतं आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती. घरी त्याने इन-सूनचा फोटो सरळ केला.

शनिवारी तो सवयीने ब्रश घेऊन बाकावर बसला होता. ओक-रिम आली आणि तिने आपले बूट त्याच्या मांडीवर आदळले.

"घासा. टाचा अजून झिजायच्यात."

स्पर्धेच्या दिवशी तिने त्याच्या पाठीवर नंबराचा कागद पिनांनी लावला आणि एक पीन जरा जास्तच खोल टोचली.

"आज बघायचं काम माझं. तुमचा आरसा घरी ठेवलात ना?"

"ठेवला."

"बघूच."

संगीत सुरू झालं. रीतीप्रमाणे दोंग-इलचं तोंड डावीकडे होतं, आणि उजवीकडे नुसता करडा पडदा. पडद्यापलीकडे बुटांचा आवाज जवळ येत होता. मान वळवून एकदा पाहावं, एकदाच, असं त्याला फार वाटलं. एकतीस वर्षं आरशात पाहिल्याशिवाय त्याने चाक वळवलं नव्हतं. त्याच्या दंडावर ओक-रिमची बोटं दाबली गेली, आणि तो न बघता वळला.