मायला गाठ नव्हती

"चोळी सोड," मालकीणबाई म्हणाल्या.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, त्याच दिवशी सरला होता. रोवणा सरला की धान लावणाऱ्या सगळ्या बायांना मालकांच्या छपरीत जेवण आणि प्रत्येकीला एक खण, हा त्या घरचा रिवाज. आम्ही पंगतीत बसलो होतो. पाय धुतले तरी नखांतला चिखल गेला नव्हता. माय बसली नाही. खांबाजवळ थांबून, मालकीणबाई जवळून जाताना तिनं हळू आवाजात विचारलं होतं, "बाई वो, तुमी नागपूरले कोणत्या दवाखान्यात गेल्या होत्या? मले छातीले काईतरी होऊन राहिलं."

एवढंच. पैसा मागितला नाही, गाडी मागितली नाही. दवाखान्याचं नाव मागितलं.

मालकीणबाईंनी उत्तर मोठ्यानं दिलं. "सोड चोळी. येथी सगळ्या बायाच आहेत. लाजतेस कायले?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी चौदा वर्षांची, हातात घास. तिनं मान खाली घालून चोळीची गाठ सोडली आणि पदर बाजूला केला. डावी बाजू सुजून लाल झाली होती. तिथली कातडी जाड, बारीक खळग्या पडलेली. मालकीणबाईंनी दोन बोटांनी दाबून पाहिलं, परत दाबलं. मायचा खालचा ओठ दाताखाली गेलेला मला दिसला.

"गाठ कुठी आहे? दाखव मले गाठ. माही आवळ्याएवढी होती, हाताले लागे. तुही तर नुसती लाल आहे. कॅन्सर असा नसते." मग त्या पंगतीकडे वळल्या आणि हसल्या. "आता रोगबी आमचाच पायजे का तुमाले?"

बाया हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. ज्या मायच्या ओळीत दिवसभर वाकून धानाचे पऱ्हे लावत होत्या, त्याच. मालकीणबाईंनी मायच्या अंगावर खण टाकला आणि म्हणाल्या, "अंग साफ ठेवत जा. चिखलानं होते असं."

मी घास गिळला. मला अजून त्या घासाचा राग येतो.

आमच्या सानगडीकडच्या त्या भागात तेव्हा कॅन्सर म्हणजे मालकीणबाई. दुसरं कुणी पाहिलंच नव्हतं. आणीबाणीच्या आधी त्यांना गाठ आली, नागपूरला नेलं, एक बाजू काढली, आणि त्या परत आल्या. चालत्याबोलत्या, आधीपेक्षा जाड होऊन. गावानं त्यांना हार घातले. कुणाच्याही घरात कुणाला काही दुखलं की विचारायचं ते त्यांना. त्यांचा रोग हाच खरा रोग, त्यांचं बरं होणं हेच खरं बरं होणं. गावातल्या प्रत्येक बाईचं शरीर त्यांच्या शरीराशी जोडून पाहिलं जायचं. माझ्या मायचं जुळलं नाही, म्हणून ती खोटी ठरली.

घरी आजी म्हणाली, थान पिकलं. आमच्याकडे अंगावर कुठे लाल, गरम, सुजलेलं दिसलं की ते पिकायचंच असतं. जवस वाटायचं, शिजवायचं, गरम गरम पोटीस बांधायचं. पिकेल, फुटेल, मोकळं होईल. धाकटा भाऊ शाळेत जायला लागला होता, अंगावर पीत नव्हता, मग दूध कुठलं साचणार? हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी जवस वाटत होते. सकाळी एक, संध्याकाळी एक. मायच्या आगीवर आम्ही आग बांधत होतो आणि पिकायची वाट पाहत होतो.

ते पिकलं नाही.

लाली काखेकडे सरकली. कातडी घट्ट झाली. बाबा म्हणाले, दवाखान्यात जाऊ. माय म्हणाली, "नोको. गाठ नाई ना मले. पुन्हा कोणी म्हणन, ढोंग करून राहिली." बाबांनी परत म्हटलं, तिनं परत तेच उत्तर दिलं. जी बाई बैल उधळला तर त्याच्या पुढे उभी राहायची, ती एका वाक्याला भ्यायली. त्या छपरीतल्या वाक्याला. मला तेव्हा तिचाच राग यायचा. आता कुणाचा यायला हवा होता ते कळतं.

धान निसवलं, लोंब्या आल्या. पिवळं झालं. कापणी आली, आणि मायचा डावा हात विळा धरीना. तेव्हा बाबांनी तिला विचारलं नाही. बैलगाडीत बसवलं, साकोलीहून एसटी धरली, आणि मी सोबत गेले.

नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होत्या. त्यांनी पहिल्यांदा दार लावलं. मग म्हणाल्या, "बाई, मी पाहू का?" पाहू का, असं विचारलं. माय रडायला लागली. मला वाटलं दुखलं. त्यांनी अजून हात लावलाच नव्हता.

तपासण्या झाल्या. तुकडा काढून काचेवर पाहिला गेला. मग बाबांना आणि मला बोलावलं. बाबा भिंतीकडे पाहत उभे. मग मीच विचारलं. पाठ करून आले होते.

"आमच्या मालकीणबाई वाचल्या. त्यांनाबी हेच होतं. माही माय वाचन ना?"

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. "हेच नव्हतं," त्या म्हणाल्या. "नाव एक आहे, आजार वेगळा आहे. त्यांना गाठ झाली, बहुतेक बायकांना तशीच होते. गाठ एका जागी असते, लवकर सापडली तर काढता येते, आणि पुढे कितीतरी बायका वर्षानुवर्षं जगतात. तुझ्या आईला झालाय तो क्वचित होतो. त्यात गाठ लागतेच असं नाही. तो कातडीतल्या बारीक नळ्यांत शिरतो, म्हणून लाल होतं, गरम होतं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी होते. आणि तो धावतो. इथं आधी चाकू चालवून उपयोग नसतो."

"मग?"

"मशीननं शेक देऊ. औषध देऊ. त्यानं थोडे दिवस मिळतील. पण वर्षं मिळतील असं मी तुला सांगणार नाही."

"रोवण्यात आणलं असतं तर?"

"तेव्हाही अवघडच होतं. पण इतकं पसरलं नसतं. दिवस जास्त मिळाले असते, त्रास कमी झाला असता." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आणि एक ध्यानात ठेव. तुझ्या आईला हा झाला म्हणून गाठ आलेल्या बाईनं घाबरून घरी बसायचं नाही. तिनं तर धावत यायचं."

मी ध्यानात ठेवलं.

शेक सुरू झाला तेव्हा मायनं विचारलं, "हेबी पोटीसच आहे का गं?" मी हो म्हटलं. लाली थोडी फिकी पडली. आम्हाला आशा वाटली. मग दुसऱ्या बाजूला उमटली.

उन्हाळ्यात माय गेली. बोडीचं तळं आटलं होतं, अंघोळ घालायला पाणी लांबून आणावं लागलं. मालकीणबाई भेटायला आल्या, खाटेवर बसल्या, डोळे पुसले. बाबांना म्हणाल्या, "वेळेवर दाखवलं असतं तर वाचली असती. मी नाई वाचली का?" बाबांनी मान डोलावली. मी दारात उभी होते. मायनं दाखवलं होतं, हे ओठांवर आलं होतं. माणसं मयतीला आलेली होती.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रोवणा. मायच्या जागेवर मी. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल, वाकून वाकून पाठ मोडलेली, आणि शेजारच्या बाया मायचं नाव काढून हळहळत होत्या. हळहळ खरी होती. पण प्रत्येकीचं शेवटचं वाक्य एकच, की लपवलं बिचारीनं.

रोवणा सरला. पुन्हा ती छपरी, ती पंगत. मालकीणबाई खण वाटत माझ्यापाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "हिची माय लाजली, लपवलं तिनं, म्हणून मेली. माह्यासारखी धीट पायजे होती. आज येथी बसली असती."

खण माझ्या मांडीवर पडला.

मी उठले. कमरेला खोचलेला दुसरा खण काढला. मागच्या वर्षी मायच्या अंगावर टाकलेला. तो तिनं शिवलाच नव्हता, चोळी घालायचीच सोय उरली नव्हती. का कुणास ठाऊक, मी तो त्या दिवशी सोबत घेऊन आले होते. दोन्ही खण मी त्यांच्या पायापाशी ठेवले.

"माह्या मायनं लपवलं नाई," मी म्हटलं. "याच जागी उघडून दाखवलं. तुमी दाबून पाह्यलं. या सगळ्या जणींनी पाह्यलं. तुमी म्हणल्या गाठ दाखव. तिले गाठ नव्हती. तिच्या रोगात गाठ नसते. तुमचा रोग वेगळा, तिचा वेगळा. तुमी वाचल्या ते तुमच्या धीटपणानं नाई. ती मेली ते लाजेनं नाई."

"कोणाशी बोलून राहिलीस?" मालकीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुमच्याशीच."

कुणी हसलं नाही या खेपेला. मी उष्ट्या हातानं बाहेर पडले. माझ्या मागे कुणी उठून आलं नाही, हेही सांगते.

दुसऱ्या दिवशी मालकांचा माणूस आला. मालकांची जी बांधी आम्ही अर्धेलीनं, अर्ध्या पिकावर, करत होतो ती, हे पीक निघालं की सोडायची, असा निरोप. बाबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. वर्षानंतर माझं लग्न लावून त्यांनी मला आंबागडच्या पायथ्याला पाठवलं, तोंडाळ पोरगी लांबच बरी म्हणून.

इथेही रोवणा आहे. इथेही बाया वाकून लावतात, आणि वाकलेल्या बाईशी बोलायला चिखलाइतकी चांगली जागा नाही. मी दरवर्षी बोलते. गाठ लागली तर लपवू नका, त्या गाठीवर इलाज आहे, बाया जगतात. आणि गाठ नसली, तरी लाल झालं, गरम झालं, संत्र्याच्या सालीसारखं झालं, तर पोटीस बांधून वाट पाहू नका. बाया म्हणतात, हिच्या डोक्यात बसलंय. बसलंच आहे.

काल शेजारच्या घरातून जवस शिजल्याचा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन. मी हातातलं काम टाकून गेले. सून भिंतीला टेकून बसलेली, अंगावरचं पोर रडत होतं, सासू फडक्यात पोटीस घेत होती.

"काई नाई वो," सासू म्हणाली. "दूध साचलं. गाठगिठ काई नाई. पाहून घे पायजे तर." आणि तिनं सुनेच्या पदराला हात घातला. तिच्या मागे चार बाया उभ्या होत्या.

मी तिचा हात धरला. जोरात धरला.

"मले पाहाचं नाई. या बायायनं बी पाहाचं नाई. पदर सोड तिचा."

दूधच साचलं असेल. तसंच असू दे. पण ते मी सांगणार नाही, सासू सांगणार नाही, गाव सांगणार नाही. डॉक्टर सांगेल, दार लावून, तिला विचारून. पोटीस मी चुलीत टाकलं. आज सकाळच्या तुमसरच्या गाडीनं सून माझ्यासोबत दवाखान्यात येते आहे. सासू आली तर ठीक, नाही आली तरी. यापुढे माझ्या डोळ्यांदेखत कुणी कुणाला चारचौघींत चोळी सोडायला लावणार नाही.