रिकामं जातं

खोडाळ्यापलीकडच्या त्या पाड्यावर मी पहिल्यांदा गेले ती संघटनेची पत्रकं वाटायला. वीस वर्षांची होते. पत्रकात छापलेलं सगळं मला खरं वाटे, कारण त्यातलं बरंचसं मीच लिहिलेलं असे.

एका झोपडीत सतरा वर्षांची मुलगी आईसमोर बसून दळत होती. दोघींचे हात एकाच खुंट्यावर, आणि जात्यात दाणा नव्हता. घरातली नागली केव्हाच संपली होती. शेजारणीने सांगितलं, पोरीचं डोकं फिरलंय. तापली की कुडावर डोकं आपटते, समोर येईल त्याला ओरबाडते. मग आई तिला जात्यावर बसवते.

मी भडकले. आजारी पोरीला कामाला जुंपता? दवाखाना हा तिचा हक्क आहे, असं आईला ठणकावलं. हक्क म्हणजे काय ते तिला कळलं नसावं, माझा आवाज कळला. आठवड्याने ती मुलीला घेऊन माझ्याबरोबर एसटीत बसली.

शहरातल्या मनोरुग्णालयात सिस्टर कागद भरत होती. आईची बोली तिला समजेना, म्हणून मी मध्ये होते. मुलगी चवताळली की घरी कशाने शांत होते, असं सिस्टरने विचारलं.

आई मला म्हणाली, "जात्यावर बसवतां. मी हात धरतां. मंग निवते."

मला लाज वाटली. डोंगरातल्या आमच्या माणसांना ही सिस्टर काय समजेल?

"कशानेच नाही," मी म्हणाले. सिस्टरने तेच लिहिलं.

पंधरा दिवसांनी आम्ही भेटायला गेलो. मुलीच्या मनगटांवर पट्ट्यांचे वळ होते. भांडायची तयारी मी एसटीतच केली होती, नवं पत्रकही मनात जुळवलं होतं. सिस्टरने शांतपणे सांगितलं की ती दोनदा खिडकीच्या गजांवर धावली, अख्ख्या वॉर्डाला दोघीच सिस्टर असतात, आणि कशाने निवते हे कागदावर नव्हतं. मग बांधलं, इंजेक्शन दिलं. तेव्हा कुठे मी तिला जात्याचं सांगितलं.

सिस्टर म्हणाली, "जातं नव्हतं हो माझ्याकडे. पण समोर बसून तिचा हात तरी धरला असता."

तिने स्वयंपाकघरातून ताटात तांदूळ आणले, निवडायला. मुलीची बोटं औषधांनी ताठरली होती, थरथरत होती. दाणे खाली सांडले. तिने ते पाहिलंही नाही.

आईने ताट सारलं, मुलीच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि खाटेवर गोल फिरवू लागली. हात फिरत होता, पण फिरवत होती ती एकटी आई.

मान वर न करता तिने विचारलं, "बाय, त्या दिशी तू जात्याचं सांगलं व्हतं ना सिस्टरला?"

मी हो म्हणाले.