साठ फुटांखालची पट्टी

आज आपण सारे ज्यांना आण्णा म्हणतो, त्या श्री. बिराप्पा कोळेकर यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. मी साताऱ्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. ते पाटणकडच्या एका धरणावर दरवाज्यांचे फोरमन. पोलादी दरवाज्यांसाठी आलेला नवा रंग मी टाकीत बुडवून, तपासून मंजूर केला होता. पुढच्या उन्हाळ्यात तो लागायचा होता. कोळेकर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “बाई, तुमची टाकी गुडघाभर. आमचा दरवाजा साठ फूट खाली हाय.”

“पाणी सगळीकडे सारखंच असतं,” मी म्हणाले. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला उत्तरं द्यायला शिकवलं होतं, शंका ऐकून घ्यायला नव्हे.

“आवं, घोंगडीवर पाऊस पडला तर थेंब आत येत न्हाई. पण त्याच ओल्या घोंगडीवर गुडघा टेका, भिजतोय का न्हाई बघा. खाली पाण्याचाच गुडघा हाय.”

ते जतचे, मेंढपाळाच्या घरातले. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाने मला खोल पाणी शिकवावं, याचा मला संताप आला. तोच रंग दिलेल्या दोन पोलादी पट्ट्या मी त्यांना दिल्या, त्या केवळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून.

एक पट्टी त्यांनी हातभर पाण्यात सोडली. दुसरी दोरीला बांधून दरवाज्याच्या तळाशी. फाल्गुनात दोन्ही माझ्या टेबलावर आल्या. दोन्ही चकचकीत. मी काही बोलणार, तोच त्यांनी तळाच्या पट्टीवर नख ओढलं. भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग सुटून आला. खाली तांबूस गंज. दाबाने पाणी रंगातून आत शिरलं होतं. दरवाज्यावर हे कोणालाच दिसलं नसतं, आणि धरणाखाली गावं आहेत.

“साहेबांना दाखवलंत?” मी विचारलं.

“न्हाई. सही तुमची हाय, तवा खोडायची बी तुमीच.”

मी मंजुरी मागे घेतली. नव्या अहवालात त्यांचं नाव घातलं. वरिष्ठांनी ते कापलं. फोरमनचं नाव अहवालात शोभत नाही म्हणे. निवृत्तीला शाल दिली, तीही कृत्रिम धाग्याची, घोंगडीत वाढलेल्या माणसाला. हा राग मी अजून सोडलेला नाही. आण्णा मात्र विचारतात, “बाई, दरवाजं नीट हायती न्हवं?” नीट आहेत. त्यानंतरचा प्रत्येक रंग आधी त्यांच्या दोरीला लागला आणि मगच माझ्या सहीला आला.

सध्याच्या रंगाची एक पट्टी त्यांनी निवृत्तीच्या दिवशी तळाशी सोडली आहे. दोरी कुठे बांधली, ते आज पंच्याहत्तरीतही मला सांगत नाहीत. “मीच काढणार,” म्हणतात. रंग चांगला आहे. माझ्या मते अजून पंचवीस वर्षं त्याला काही होत नाही. तेवढं निरोगी आयुष्य आण्णांना लाभो, आणि पट्टी वर येईल तेव्हा नख ओढायला त्यांनी मला बोलवावं.