बेचाळीस किलोमीटर आणि एक भोंगा

हारून हा माझा सख्खा धाकटा भाऊ. अख्ख्या बाणकोटात असा दुसरा दाखवा, मग माझ्याशी बोला.

अल खफजीच्या तेलाच्या प्लांटमध्ये तो बारा वर्षं परांच्या बांधतो. त्यानं बांधलेल्या परांचीवर हत्ती चढवा, हलायची नाही. एकच खोड. स्वतःचं म्हणून घेतलेलं काही शेवटाला नेत नाही. दहावी सोडली, ड्रायव्हिंग शिकायचं सोडलं. गावच्या घराच्या मागच्या भिंतीला सहा वर्षांपूर्वी निम्मं प्लास्टर मारलं, ते अजून निम्मंच आहे.

दम्मामला हिवाळ्यात समुद्राच्या कडेनं मॅरेथॉन आहे असं कळलं आणि यानं नाव घातलं. बायको तबस्सुम फोनवर म्हणाली, "पळा की. कंटाळलात तर मागून बस आहेच."

बस खरंच होती. सहा तासांत जो पोचणार नाही त्याला उचलून आणायला. हारूनला ते बोलणं लागलं. चार महिने पहाटे उठून कामगारांच्या कॅम्पच्या कुंपणाला फेऱ्या मारल्या, कारण प्लांटमध्ये पळायची सक्त मनाई. तिथं बारा वर्षं एकच शिकवण: भोंगा वाजला की हातातलं टाकायचं, न पळता चालत जमायच्या जागी जायचं आणि डोकी मोजून होईपर्यंत हलायचं नाही. सेफ्टीवाला अली, सौदी माणूस, कोणी पळताना दिसला की सगळ्यांदेखत झापायचा.

शुक्रवारी सकाळी गार वारा, रस्ता एकदम सपाट, नावाला चढ नाही. उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे. हारून मजेत पळत होता. तिसावा किलोमीटर गेला, एकतिसावा गेला.

तेहतिसाव्याला बंदराकडून भोंगा वाजला. लांबलचक.

हारूनचे पाय आपोआप थांबले. तो चालायला लागला. पुढं बागेत झेंड्याचा खांब दिसला, त्याच्याखाली जाऊन ताठ उभा राहिला. प्लांटमध्ये गॅस सुटला तर बघतात तसं, वारा कुठून येतो तेसुद्धा झेंड्याकडं बघून ठरवलं. माणसं बाजूनं पळत गेली. हा आपला मोजणाऱ्याची वाट बघतोय! पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागून चंदन पळत आला, कॅम्पच्या मेसमधला बिहारी स्वयंपाकी.

"हारूनभाई, यहाँ काहे खड़े हो?"

"सायरन बजा ना."

"अरे, जहाज था! गिनती लेने कौन आएगा, मछली? यल्ला, भागो!"

हारून भानावर आला. पण उभं राहून गुडघे आखडले होते. चंदन पुढं निघून गेला, तोवर बस येऊन शेजारी थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं, प्रेमानं म्हणाला, "तआल, बैठो." आत मऊ सीट, खिडकीजवळची, रिकामी.

हारूनला ती निम्मी भिंत दिसली.

"नाही," तो मराठीतच म्हणाला आणि निघाला. आधी लंगडत, मग पळत. बस नऊ किलोमीटर पाठीशी गुरगुरत राहिली, यानं एकदा वळून बघितलं नाही. पाच तास अठ्ठावन्न मिनिटं! लोकांना याहून कमी लागतात, कबूल. पण मधे झेंड्याखाली उभं राहून दाखवा म्हणावं.

त्यानं तबस्सुमला फोन लावला. "पुरं केलं," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "प्लास्टरवाल्याला बोलवायला नको ना आता? तुम्हीच येताय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांटमध्ये सरावाचा भोंगा वाजला. हारून परांचीच्या तिसऱ्या मजल्यावर, मांड्या लाकडासारख्या. चाळीस माणसं खाली जमून उभी, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत मोजणी संपत नाही. हारून एकेक पायरी धरून उतरत होता. अलीनं घड्याळ बघितलं, वर बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "हारून, आज तुमको भागना माफ है."

"नाही साहेब," हारून पायरीवरून ओरडला, "आज चलके ही पूरा करेगा."

आणि चाळीस माणसं उन्हात थांबली.